‘मंग थो वापस आला का?’ : घर सोडून निघालेल्या पोरांची पुस्तकं समजून घेताना

आमचं वाचनालय ‘ड’ वर्गाचं. १९६७ च्या कायद्याखाली महाराष्ट्रातल्या सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले, त्यातला हा सगळ्यात धाकटा. दर्यापूरकडच्या एका गावात एक खोली, चार कपाटं, एक लांब टेबल आणि बाहेर ओटा. सकाळी पेपर वाचायला म्हातारी माणसं येतात. दुपारनंतर पोलीस भरतीची आणि तलाठी परीक्षेची तयारी करणारी पोरं येऊन बसतात. मी ११ वर्षांपासून इथं ग्रंथपाल आहे.

गेल्या वर्षभरात एका प्रकारच्या पुस्तकांची मागणी वाढली. पोरगा किंवा पोरगी घर सोडून निघते, भटकते, हाल सोसते आणि ‘स्वतःला शोधते’, अशी पुस्तकं. कोणी एकटा सायकलवर लडाखला गेला, कोणी कामधंदा सोडून हिमालयात राहिलं, असं पोरं मोबाइलवर पाहतात आणि येऊन विचारतात, “मॅडम, असं काही आहे का आपल्याकडे?” सामान्य ज्ञानाच्या गाइडापलीकडे कधी हात न घालणारी पोरं ही. मला आनंद होतो.

ओट्यावरच्या आबाजींना मात्र हे कोडं उलगडत नाही. “काहो बाई, सोताले शोधाले बाहीर कायले जा लागते? सोता त इथंच हाये ना!” मी त्यांना एखाद्या पुस्तकाची गोष्ट सांगते. पोरगं निघालं, अमुक झालं, तमुक झालं. ते शांतपणे ऐकतात आणि दर वेळी एकच विचारतात, “मंग थो वापस आला का?”

सुरुवातीला मला वाटायचं, आबाजींचं लक्षच नाही. आता वाटतं, ही सगळी पुस्तकं उघडायची किल्ली त्यांच्याच हातात आहे. म्हणून हा लेख.

या पुस्तकांना नाव काय?

जर्मन भाषेत एक शब्द आहे, ‘बिल्डुंग्सरोमान’. बिल्डुंग म्हणजे घडण आणि रोमान म्हणजे कादंबरी. कार्ल मॉर्गनस्टर्न नावाच्या प्राध्यापकानं १८१९ च्या सुमारास व्याख्यानात तो वापरला. आपण सरळ ‘घडणीची कादंबरी’ म्हणू आणि तो जड शब्द इथंच ठेवू.

या प्रकारचं मूळ उदाहरण म्हणून जर्मन लेखक गटेची १७९५-९६ मध्ये आलेली विल्हेल्म माइस्टरची कादंबरी सांगतात. विल्हेल्म व्यापाऱ्याचा मुलगा. त्याला घरून पाठवतात धंद्याच्या कामाला, उधारी वसूल करायला. वाटेत त्याला नाटक मंडळी भेटतात आणि तो त्यांच्यातच रमतो. नट व्हायचं हेच आपलं आयुष्य, अशी त्याची खात्री असते. पुष्कळ पानांनंतर त्याला कळतं की हे आपलं काम नव्हे. पण त्या चुकीच्या वाटेवरच तो शहाणा झालेला असतो, आणि शेवटी त्याची उमेदवारी पूर्ण झाल्याचं पत्र त्याच्या हातात पडतं.

उमेदवारी हा शब्द इथं महत्त्वाचा. कादंबरीच्या मूळ नावातच तो आहे आणि आला आहे कारागिरांच्या जगातून. आपल्याकडे आयटीआय झालेलं पोरगं अप्रेंटिस म्हणून कंपनीत लागतं, तसं तिकडे सुतार-गवंड्यांची पोरं उस्तादाच्या हाताखाली शिकत. शिकून झालं की पुढे भटकंती. रिवाज असा की ३ वर्षं आणि १ दिवस घराच्या ५० किलोमीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही. गावोगाव काम करायचं, निरनिराळ्या हातांची पद्धत पाहायची. जर्मनीत थोडे कारागीर आजही हे पाळतात. हा नियम मी आबाजींना सांगितला, तर त्यांना तो ३ वर्षांपेक्षा वरचा १ दिवस फार आवडला. “थो एक दिवस पोराचा सोताचा असन,” म्हणाले.

सगळी पुस्तकं कादंबऱ्याच असतात असं नाही. आत्मचरित्रं आणि प्रवासवर्णनंही यात येतात. खूण एकच : शेवटच्या पानावरचा माणूस पहिल्या पानावरचा राहिलेला नसतो, आणि तो बदल वाटेनं घडवलेला असतो. नुसती ठिकाणं सांगणारं पुस्तक वेगळं. ते वाचून आपल्याला अजिंठा कळतो, पाहणारा कळत नाही.

घर सोडल्यावर नेमकं काय घडतं?

आमच्याकडे अनोळखी पोरगं दिसलं की पहिला प्रश्न येतो, “कोनाचा रे तू?” उत्तरात बापाचं नाव, आडनाव, वावर कोणत्या शिवारात, आजोबांनी कोणाशी भांडण केलं होतं, सगळं आलं. या प्रश्नात मायाही असते. पण त्या पोराला वीस वर्षं स्वतःबद्दल एक वाक्य स्वतः तयार करावं लागत नाही. ते तयारच असतं, आणि कधी कधी ते फार जड असतं. अमक्या जातीचा, तमक्या कर्जदाराचा, दोनदा नापास झालेला.

पुण्याच्या खोलीवर किंवा नागपूरच्या मेसमध्ये त्याला कोणी ‘कोनाचा’ म्हणत नाही. तिथं विचारतात, काय करतो? पहिल्यांदा उत्तर त्यालाच शोधावं लागतं, आणि पुष्कळदा ते सापडत नाही. हे न सापडणं ही या पुस्तकांची सुरुवात असते.

दुसरं, बारीक निर्णय. शेवटची एसटी चुकली तर रात्र कुठं काढायची? हातात शंभर रुपये उरले तर जेवायचं की तिकीट काढायचं? समोरचा माणूस गोड बोलतो, विश्वास ठेवायचा का? घरी हे बाप ठरवतो, काका ठरवतो, नाही तर सवय ठरवते. या पुस्तकांत पानंच्या पानं अशा बारीक गोष्टींनी भरलेली असतात आणि नवा वाचक कंटाळून म्हणतो, यात काही घडतच नाही. जे घडतं ते त्याच पानांत. घाई करू नका, एवढंच सांगेन.

माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं, धानाच्या पट्ट्यातलं. तिकडे आधी पऱ्हे टाकतात. रोपं दाट, एकमेकांच्या आधारानं उभी. मग ती मुळासकट उपटायची, पेंढ्या बांधायच्या आणि चिखल केलेल्या बांधीत रोवायच्या. रोवणी झाली की काही दिवस रोप पिवळं पडतं, माना टाकतं. बघणाऱ्याला वाटतं, गेलं. मग ते मूळ धरतं. सासरी आले तर इथं कपाशी. सरकी टोबली तिथंच झाड होतं, त्याला कोणी उपटत नाही. आबाजी कापसाच्या मुलखातले आहेत, त्यांना उपटण्याची भीती वाटणं साहजिक आहे. आणि प्रत्येकाला उपटलंच पाहिजे असंही नाही. धानसुद्धा काही जण आवत्या, म्हणजे थेट पेरून घेतात. पण रोवणीच्या रोपाचं ते पिवळं पडणं ज्यानं पाहिलं आहे, त्याला ही पुस्तकं लवकर समजतात.

फ्रान्समध्ये राहणाऱ्या आर्नोल्ड व्हॅन गेनेप या अभ्यासकानं १९०९ मध्ये जगभरच्या संस्कारांचा अभ्यास मांडला. लहानाचा मोठा होण्याच्या विधींत त्याला तीन पायऱ्या दिसल्या : आपल्या माणसांपासून सुटणं, मधल्या उंबरठ्यावर असणं आणि नव्या रूपात परत सामील होणं. आपल्याकडे सोडमुंजीत बटू काशीला निघतो आणि मामा ‘मुलगी देतो’ म्हणून त्याला मांडवातूनच परत आणतो. आपल्या समाजाला हा प्रवास ठाऊक होता. फक्त तो दहा पावलांत उरकून टाकायची सोय केली. ही पुस्तकं त्या मधल्या उंबरठ्यावरच्या दिवसांची, पिवळ्या पडलेल्या दिवसांची असतात.

परत आला, पण कसा?

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ साली आली. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग शिकायला पुण्याला जातो आणि पदवीविना गावी परततो. वडिलांचा पैसा गेला, वर्षं गेली. मधे धाकटी बहीण मनी देवीच्या आजारानं गेली, ती पानं वाचताना मला आजही थांबावं लागतं. पांडुरंग पंचविशीचा आहे आणि हाती काही लागलं नाही असं त्याला वाटतं.

साठ वर्षं झाली तरी आमच्या कपाटातली ‘कोसला’ सगळ्यात जास्त फाटली आहे. दोनदा बांधून घेतली. याचं कारण मला ओट्यावर कळलं. गावात अशी पोरं आहेत. चार वर्षं पुण्यात तयारी केली, एक-दोन मार्कांनी राहिलं, वय निघून गेलं, परत आली. ती दुपारी बाहेर पडत नाहीत, कोणी काही विचारेल म्हणून. त्यांच्यापैकी एकानं पुस्तक परत करताना मला म्हटलं, “मॅडम, मले वाटलं होतं असं फक्त माह्यासंगच झालं.” त्या एका वाक्यासाठी हे वाचनालय चालावं असं मला वाटतं.

म्हणजे आबाजींचा प्रश्न बरोबर आहे, फक्त तो पुरेसा नाही. परत येण्याचे प्रकार असतात. कोणी परत येऊन पहिल्या जागी बसतो. कोणी येतो, पण घरातल्या खाटेवर त्याला आता झोप लागत नाही. कोणी येतच नाही आणि दुसरीकडे घर करतो. विनोबांचंच घ्या. १९१६ साली ते बडोद्याहून मुंबईला इंटरच्या परीक्षेला निघाले, सुरतेला उतरले आणि काशीची गाडी धरली. त्याआधी आपली प्रमाणपत्रं त्यांनी चुलीत घातली होती. ते बडोद्याच्या घरी कायमचे परतले नाहीत, पण १९२१ मध्ये वर्ध्याला आले आणि पुढे पवनारचेच झाले. परक्या गावाला कोणी येऊन आपलं करावं, हाही प्रवासाचाच एक शेवट आहे.

‘हे भरल्या पोटाचे लाड आहेत’

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकते आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ज्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे, बोंडअळीनं कापूस नेला आहे, तो पोराला ‘जा, स्वतःला शोध’ कसं म्हणेल? इंग्रजीतल्या बऱ्याच पुस्तकांत नायकाच्या मागे बापाची पुंजी असते, हेही खरं.

म्हणून मी सगळ्यांना आधी गोडसे भटजींकडे पाठवते. विष्णुभट गोडसे पेणजवळच्या वरसईचे, जन्म १८२७. घरावर कर्ज झालं होतं. मथुरेला ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, असं कानावर आलं, आणि ते १८५७ मध्ये चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले. स्वतःला शोधायला नव्हे, कर्ज फेडायला. वाटेत बंडाची आग पेटलेली. झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत होते. लुटले गेले, लपले, उपाशी राहिले, डोळ्यांसमोर कत्तल पाहिली. घरी आले ते आईवडिलांना स्नान घालायला गंगेची कावड खांद्यावर घेऊन. हे सगळं त्यांनी कितीतरी वर्षांनी, १८८३ च्या सुमारास लिहून काढलं आणि ‘माझा प्रवास’ छापून आलं १९०७ मध्ये.

पैशासाठी निघालेला हा माणूस वाटेत भित्राही होतो, धीटही होतो, आणि ते दोन्ही तो लपवत नाही. पोटासाठी निघालं म्हणून घडण व्हायची थांबत नाही.

मग आपल्या माणसांचं काय? गडचिरोली-चंद्रपूरकडून दर हंगामात मजूर तेलंगणात मिरची तोडायला जातात. मेळघाटातली कोरकू कुटुंबं कामासाठी खाली उतरतात आणि होळीला परततात. आमच्या गावातली पोरं चाकणच्या कंपन्यांत बारा तास उभी असतात. परकी भाषा, परका मालक, हिशेबात फसवणूक, नवा मित्र, पहिला पगार : या पुस्तकांतलं सगळं त्यांच्या वाट्याला येतं. आपण त्याला प्रवास म्हणत नाही, पोट भरणं म्हणतो. आणि लिहून ठेवणारं कोणी नसतं. लाड ही पुस्तकं नाहीत, अन्याय हा आहे की यातले फार थोडे प्रवास कपाटापर्यंत पोचतात.

‘पोरं वाचून पळून जातील’

आईबाप हे बोलतात तेव्हा त्यांच्या आवाजात खरी भीती असते. ख्रिस्तोफर मॅकँडलेस या अमेरिकन मुलाची गोष्ट त्यांच्या बाजूची आहे. पदवी घेतल्यावर त्यानं जवळचे पैसे दान केले, घरच्यांना न सांगता निघाला आणि १९९२ मध्ये अलास्काच्या रानात एका सोडून दिलेल्या बसमध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी मेला. जॉन क्राकौरनं १९९६ मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहिलं. ते वाचून भारावलेले लोक त्या बसकडे जाऊ लागले, त्यात काहींचे जीवही गेले. शेवटी २०२० मध्ये ती बस हेलिकॉप्टरनं उचलून न्यावी लागली.

ही गोष्ट मी आबाजींना सांगितली. प्रश्न ठरलेला होता. “मंग वापस नाई आला?” मी म्हटलं, आबाजी, तो परत यायला निघाला होता. उन्हाळ्यात त्यानं सामान बांधलं, नदीपर्यंत आला. जाताना जी सहज ओलांडली होती, तिला बर्फाचं पाणी येऊन पूर आला होता. जवळच, थोडं खाली, दोरावरचा पाळणा होता पलीकडे न्यायला. त्याच्याकडे नीट नकाशा नव्हता, त्याला ते माहीत नव्हतं. तो मागे फिरला. पूर्णेचा पूर पाहिलेल्या माणसाला नदीबद्दल वेगळं सांगावं लागलं नाही. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

त्या मुलानं शेवटच्या दिवसांत हाताशी असलेल्या पुस्तकाच्या ओळींमध्ये लिहून ठेवलं होतं की सुख कोणाबरोबर वाटून घेतलं तरच खरं. क्राकौरचं पुस्तक नीट वाचणारा पोरगा रानात पळणार नाही. तो नकाशा घेईल आणि घरी सांगून जाईल. नुसता व्हिडिओ पाहणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते, कारण व्हिडिओत पूर दिसतो, पण पुरापुढे उभं राहून परत फिरणाऱ्याच्या मनात काय चाललं होतं ते दिसत नाही.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या साखवळचे, नारळाच्या बागेत राबणारे. ‘बालबोध’ मासिकात त्यांनी बुद्धाचं चरित्र वाचलं आणि १८९९ च्या अखेरीला घर सोडलं. पुणे, ग्वाल्हेर, काशीचं अन्नछत्र, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश. पुढे ते पाली भाषेचे मोठे पंडित झाले, हार्वर्डमध्ये काम केलं, आणि १९४७ मध्ये त्यांनी देह ठेवला तो आपल्या सेवाग्रामला. ‘निवेदन’ हे त्यांचं आत्मकथन मला फार प्रिय आहे. पण ते निघाले तेव्हा मागे पत्नी होती, लहान मुलगी होती. त्या घरात त्या वर्षांत काय झालं असेल, हा विचार मला सुटत नाही. कोणाच्या शोधाची किंमत कोण देतं, हे या पुस्तकांना विचारलंच पाहिजे.

पोरींचं काय?

माझं लग्न झालं आणि मी भंडाऱ्याहून वऱ्हाडात आले. भाषेचा हेल वेगळा, पीक वेगळं, ताटातली भाकर वेगळी. मला नवं नाव पडलं. गेनेपच्या तिन्ही पायऱ्या मी एका महिन्यात चढले, पण त्याला कोणी प्रवास म्हटलं नाही. पोरगी घर सोडते ते दुसऱ्या घरी जायलाच, असं धरूनच चालतात.

पण विदर्भाची गोष्टच मुळी घराबाहेर पडलेल्या बाईची आहे. दमयंती विदर्भाच्या राजाची मुलगी. महाभारतात नल तिला रानात वाटा दाखवतो, ही वाट विदर्भाला जाते, आणि रात्री ती झोपलेली असताना निघून जातो. माहेरची वाट माहीत असूनही ती आधी नवऱ्याला शोधत रानातून, व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर, चेदी राज्यापर्यंत जाते. मग घरी पोचते आणि तिथून युक्तीनं त्याला हुडकून काढते. शाळेत आपल्याला तिचं स्वयंवर शिकवतात. मी पोरींना तिचं रान वाचायला सांगते.

आणि पंडिता रमाबाई. लहानपणापासून आईवडिलांबरोबर तीर्थांवरून पायी फिरणं, मग दुष्काळात त्यांचा मृत्यू, मग भावाबरोबर पुन्हा पायी. १८७८ मध्ये त्या कलकत्त्याला पोचल्या आणि तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. अमेरिकेच्या प्रवासावर त्यांनी १८८९ मध्ये मराठीत पुस्तक लिहिलं, त्यात तिथल्या बायका काय शिकतात, कशी कामं करतात, हे बारकाईनं सांगितलं आहे. आमच्या वाचनालयात येणाऱ्या पोरींना संध्याकाळी सहाच्या आत घरी जावं लागतं. त्यांच्यासाठी पुस्तक ही सध्या तरी गावाबाहेर जाणारी एकुलती एक वाट आहे, आणि मी ती सहा वाजेपर्यंत उघडी ठेवते.

सुरुवात कुठून करावी?

गोडसे भटजींपासून. भाषा जुनी आहे, पहिली दहा पानं अडखळायला होतं, मग सुटतं. त्यानंतर ‘कोसला’. ‘निवेदन’ सावकाश.

गेल्या महिन्यात आबाजींनी ‘माझा प्रवास’ घरी नेलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, म्हणून नातू रात्री मोठ्यानं वाचतो. नातू भरतीचा अभ्यास करतो, त्याच्या वेळातला अर्धा तास. परवा सकाळी आबाजी ओट्यावर पेपर न उघडता बसले होते. मला पाहून म्हणाले, “काहो बाई, थ्या भटजीचं कर्ज फिटलं का मंग?”

मी काही सांगितलं नाही. त्यांची अजून चाळीसेक पानं राहिली होती.